पहारेकऱ्याची साक्ष

बाईंपुढे खोटं बोलून आजवर कुणी सुटलेलं नव्हतं. शाळेतली त्यांची उभी हयात पर्यवेक्षणात गेली होती. परीक्षेच्या हॉलच्या दारात त्या नुसत्या उभ्या राहिल्या, तरी कुणाच्या मोज्यात चिठ्ठी आहे ते त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. पोटावर हात धरून आलेल्या पोराचं पोट खरंच दुखतंय की पुढचा तास गणिताचा आहे, हे ठरवायला त्यांना डॉक्टर लागत नसे. आणि या सगळ्यांत कच्चा गडी म्हणजे त्यांचा स्वतःचा मुलगा. लहानपणी काही फोडलं-सांडलं की चिरंजीव भराभर बोलायला लागत, एका दमात तीन कारणं देत आणि कुणी काही विचारायच्या आत "मी नाही हं" म्हणून मोकळे होत. बाई हातातलं काम न थांबवता म्हणायच्या, "आता खरं सांग." की तो सांगून टाकायचा.

असा मुलगा नट व्हायला निघाला, तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला. ज्याला आईपुढे दोन मिनिटं सोंग टिकवता येत नाही, तो लोकांपुढे दोन तास काय टिकवणार? पण तो गेला. दूरच्या मोठ्या शहरात खोली घेऊन राहिला. नाटकात भालदार झाला, प्रेत झाला, एकदा तर चांगलं अंकभर झाड म्हणून उभा राहिला. इकडे त्याच्या मामांचं रंगाचं दुकान होतं आणि मामांना मूलबाळ नव्हतं. दणक्यात चाललेलं दुकान भाच्याची वाट बघत होतं आणि भाचा झाड होऊन उभा होता, याचं मामांना भारी वाईट वाटे.

शेवटी एकदाचं मोठं काम मिळालं. जुन्या काळातल्या एका राणीच्या न्यायाचा सिनेमा होता, आणि त्यात चिरंजीव खोटी साक्ष देणारा पहारेकरी झाले होते. सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी तो घरी आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "आई, माझं खोटं लोकांना पटलं पाहिजे. नाही पटलं तर बास झालं. सोमवारपासून मामाच्या दुकानात बसतो."

"शब्द देतोस?" मामांनी लगेच विचारलं.

"दिला. पण पटलं की नाही ते आईने सांगायचं. तिला कुणी फसवू शकत नाही."

रात्रभर बाईंच्या मनात तेच घोळत राहिलं. खरं सांगायचं तर मुलगा परत यावा असं त्यांना फार वाटत होतं. घर खायला उठायचं. रोज संध्याकाळी दारात चप्पल वाजावी, कुणीतरी "आई, भूक लागलीय" म्हणावं, एवढंच मागणं होतं. आणि आता न्याय त्यांच्याच हातात आला होता. "नाही बाबा, पटलं नाही" एवढं म्हटलं की काम फत्ते. खोटं बोलायची वेळच यायची नाही म्हणा, कारण तो उघडा पडणार याची त्यांना खात्री होती.

दुपारच्या खेळाला बाई आणि मामा मधल्या रांगेत जाऊन बसले. चिरंजीवांना स्वतःला पडद्यावर बघवत नव्हतं, म्हणून ते मागे दाराजवळ अंधारात उभे राहिले. बाईंच्या शेजारच्या खुर्चीत एक बस कंडक्टर येऊन बसली. ड्यूटीवरून थेट आली होती, अंगावर गणवेश तसाच. तिने बसल्या बसल्या पुढच्या रांगेतल्या दोघांना "डोकी खाली घ्या" म्हणून सांगितलं आणि त्यांनी ती निमूट खाली घेतली.

सिनेमा सुरू झाला. किल्ल्याचं बांधकाम चाललेलं. किल्लेदार दगडात पैसे खातोय, हे एका पाथरवटाला कळतं आणि तो राणीकडे जायला निघतो.

"हा भिंतीचा रंग त्या काळात नव्हता," मामा कुजबुजले. "हे साधं प्लास्टिक इमल्शन आहे. दोन हात मारलेत."

"गप्प बस रे."

पडद्यावर रात्र झाली. तटावर किल्लेदाराने पाथरवटाला गाठलं, दोन शब्द बोलला आणि सरळ खाली ढकलून दिला. दहा पावलांवर पहारेकरी उभा होता. हातात धडधडून पेटलेली मशाल, आणि तिच्या उजेडात त्याचा चेहरा. बाईंचा मुलगा. त्याने सगळं पाहिलं. किल्लेदाराने त्याच्याकडे बघून फक्त तोंडावर बोट ठेवलं, आणि पहारेकऱ्याने मान खाली घातली.

"मुडदा बशिवला याचा," कंडक्टरताई म्हणाली. आवाज असा की बसच्या मागच्या दारापर्यंत जावा. "अरे ओरड की. तोंड शिवलंय का तुझं?"

मग हॉलमध्ये चहूकडून सुरू झालं. कुणी पहारेकऱ्याला भित्रा म्हटलं, कुणी शेपूट घातली म्हणालं, मागच्या एका आजोबांनी तर त्याचं सगळं खानदान काढलं. बाईंचे कान तापले. त्या खानदानात त्या स्वतः होत्या. पाथरवटाची बायको नवऱ्याचं तटाखाली सापडलेलं पागोटं उराशी धरून राणीच्या दरबाराकडे निघाली आणि मध्यंतर झालं.

दिवे लागताच कंडक्टरताईने बाईंपुढे पॉपकॉर्नचा पुडा धरला. "घ्या हो. माझं तर डोकंच फिरलंय. असला मुलगा जन्माला घालणाऱ्या आईला काय वाटत असेल?"

"अभिमान वाटत असेल," बाई म्हणाल्या.

मामांना ठसका लागला. कंडक्टरताईने पुडा मागे घेतला.

"म्हणजे," बाई जरा नमतं घेत म्हणाल्या, "तो माझा मुलगा आहे."

कंडक्टरताईने त्यांना नीट न्याहाळलं. नाक बघितलं, हनुवटी बघितली. पटलं तिला. मग ती जवळ सरकली आणि आवाज खाली आणून फार कळकळीने म्हणाली, "मग तुम्ही तरी सांगा ना त्याला. अजून साक्ष व्हायचीय. आईचं ऐकेल तो. म्हणावं, खरं काय ते बोलून टाक."

"अहो, सिनेमा आहे हा. झालंय सगळं शूटिंग."

"ते कळतं मला," कंडक्टरताई म्हणाली. "तरी सांगून बघा."

आणि गंमत अशी की बाईंना हसू आलं नाही. दिवे गेले तेव्हा त्यांच्या छातीत धडधडायला लागलं होतं, शाळेच्या बक्षीस समारंभात हा पोरगा पहिल्यांदा कविता म्हणायला उभा राहिला होता तसं. आता भराभर बोलेल, त्यांनी मनाशी म्हटलं. तीन कारणं देईल.

दरबार भरला. राणी तरुण होती आणि तिला घाई नव्हती. तिने पहारेकऱ्याला विचारलं, त्या रात्री काय पाहिलंस?

पहारेकरी काहीच बोलला नाही. इतका वेळ गप्प राहिला की हॉलमधल्या खुर्च्या करकरायच्या थांबल्या. मग सावकाश, जरा लाजल्यासारखा म्हणाला, "सरकार, माझी मशाल विझली होती. वारा होता. मी आडोशाला बसून ती पेटवत होतो. ठिणगी धरेना. हात गारठले होते. मान वर केली तेव्हा पाथरवट तटावर नव्हता. मी दोनदा हाक मारली. मला वाटलं, घरी गेला असेल."

आणि एवढं बोलून त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जणू ते हातच गुन्हेगार होते.

मघाशी खानदान काढणारे आजोबा हळूच म्हणाले, "अरेरे."

"वारा होता हो," कंडक्टरताई म्हणाली. तिचा आवाज पार मऊ झाला होता. "उगाच बोललो आपण त्याला. बिचाऱ्याची मशालच विझली होती."

"कुठे विझली होती?" मागून एका मुलीने विचारलं. "चांगली पेटलेली होती की. त्याने सगळं बघितलं."

"विझली होती," कुणीतरी म्हणालं.

"पेटलेली होती."

"विझलीच होती," बाई वळून, परीक्षेच्या हॉलमधल्या आवाजात म्हणाल्या. "मी नीट बघितलंय. शांत बसा."

सगळे शांत बसले. बाई पुन्हा पडद्याकडे वळल्या आणि वळता वळताच त्यांच्या लक्षात आलं. मशाल पेटलेली होती. तिच्याच उजेडात तर त्यांनी आपल्या लेकाचा चेहरा पाहिला होता. या डोळ्यांनी. उभ्या जन्मात जी चिठ्ठी सुटली नव्हती, ती आज त्यांच्या नाकासमोरून गेली होती, आणि वर त्यांनीच तिची बाजू घेऊन एका बिचाऱ्या पोरीला दटावलं होतं.

"ताई," मामा कुजबुजले, "मशाल विझली होती ना गं?"

बाईंना रडू येत होतं, हसू येत होतं आणि दोन्हीपैकी कशाला वाट द्यावी ते कळत नव्हतं.

पुढे पाथरवट पाय घसरून पडला असं ठरलं आणि किल्लेदार सुटला. पण खरी गोष्ट त्याच्या पुढे होती. दरबाराबाहेर पाथरवटाच्या बायकोने पहारेकऱ्याला गाठलं आणि त्याला हात जोडले. म्हणाली, "बरं झालं तुम्ही सांगितलंत. माझा माणूस पाय घसरून गेला, कुणी मारला नाही. आता मला कुणाचा राग करत जगायला नको." आणि ती शांत मनाने निघून गेली. पहारेकरी तिच्या पाठीकडे बघत राहिला. शिव्यांनी जे झालं नव्हतं ते त्या नमस्काराने झालं. तो वळला आणि दरबाराकडे धावत सुटला.

"पळ," कंडक्टरताई उभी राहिली. "पळ बाबा, लवकर पळ."

त्याने दरबारात सगळं सांगितलं. राणीने किल्लेदाराला बेड्या घातल्या, आणि पहारेकऱ्याला शिक्षा दिली ती अशी, की रोज सकाळी बाजारात उभं राहून त्याने आपलं खोटं मोठ्याने सांगायचं, गावातलं शेवटचं माणूस ऐकून कंटाळेपर्यंत. शेवटच्या दृश्यात तो भर बाजारात उभा राहून सांगत होता, आणि लोक भाजी घेत होते, आणि पाथरवटाची बायको मात्र थांबून ऐकत होती. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आजोबा डोळे पुसत होते. कंडक्टरताई तर चक्क हुंदके देत होती आणि मधूनमधून बाईंना सांगत होती, "ऐकलं हो त्याने. तुमचं ऐकलं."

बाहेर जिन्यात चिरंजीवांना लोकांनी ओळखलं. कंडक्टरताईने त्याचा हात धरून चांगला गदागदा हलवला. "उशीर केलात," ती म्हणाली, "पण बोललात. आता नीट राहा." आणि ती डोळे पुसत आपल्या वाटेने गेली. पोरगं वेड्यासारखं हसत उभं होतं.

मामांनी घसा साफ केला. "हे बघ, दुकानाचं विसर. तू मला दुकानात नकोस."

"का मामा?"

"तू गिऱ्हाईकाला साधा चुना ऑइलपेंट म्हणून विकशील, आणि ते दुसऱ्या दिवशी तुझे आभार मानायला येईल. मला या वयात बाजारात उभं राहून ओरडायचं नाहीये." असं म्हणून त्यांनी भाच्याला घट्ट मिठी मारली, आणि डोळे दिसू नयेत म्हणून रिक्षा बघायला म्हणून घाईने खाली उतरले.

आता जिन्यात दोघंच राहिले. तो आईच्या तोंडाकडे बघत होता. "सांग ना. पटलं?"

दोन शब्द पुरले असते. घरी चप्पल वाजली असती.

"मी फसले रे," त्या म्हणाल्या. "साफ फसले. मशाल विझली म्हणून मी भांडले लोकांशी."

तो लहानपणी हसायचा तसा हसला, आणि बाईंचे डोळे भरून वाहायला लागले. असं सुख त्यांना फार वर्षांनी मिळत होतं. पदराने डोळे पुसता पुसता त्या मध्येच थबकल्या.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "दर रविवारी फोनवर म्हणायचास, जेवलो, मजेत आहे, काळजी करू नकोस. ते?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग सावकाश, जरा लाजल्यासारखा म्हणाला, "जेवायचो गं. खाली मेस होती. तिथल्या काकू मला नेहमी एक पोळी जास्त वाढायच्या. म्हणायच्या, झाडाचं काम करतोस, पाय दुखत असतील."

बाईंनी त्याचा चेहरा पाहिला. डोळे पाहिले, कपाळ पाहिलं, ओठांचे कोपरे पाहिले. उजेड भरपूर होता. काकू होत्या की नव्हत्या, त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही. ती जास्तीची पोळी तरी खरी असू दे, एवढंच त्यांनी मनात म्हटलं. पोर आता खऱ्या अर्थाने हातचं गेलं होतं, आणि बाईंना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनी भर जिन्यात रडत रडत, हसत हसत त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.