रजेच्या अर्जावरचा शिक्का

मी एक शिक्का. बोटाएवढा, लाकडी. बुडाला 'कुरोइवा' हे आडनाव कोरलंय. नागोयातल्या एका पंपांच्या कारखान्याच्या कचेरीत, कुरोइवा साहेबांच्या खणात राहतो. आणि खरं सांगू? पार वैतागलोय.

साहेब नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या वडिलांनी मला करवून घेतलं. आमच्याकडे सहीपेक्षा शिक्क्याला मान. लाल शाई लावायची आणि कागदावर उमटायचं, एवढंच माझं काम. त्यातही रीत अशी, की हाताखालच्याने आपला शिक्का जरा तिरका मारायचा, वरच्या साहेबापुढे वाकल्यासारखा. ऐन तारुण्यात वाकून वाकून माझी कंबर गेली!

एकतीस वर्षांत साहेबांनी स्वतःच्या रजेसाठी मला एकदाही उचललं नव्हतं. दुसऱ्या कुणी दोन दिवस घेतलेच, तर परतताना मिठाईचा डबा आणायचा आणि टेबलाटेबलाशी जाऊन माफी मागायची. अरे, रजा घेतली की चोरी केली?

अशात हायासे नावाच्या तरुण कारकुनाने अर्ज दिला. बायकोचं बाळंतपण, महिनाभर रजा हवी. त्याचा शिक्का सरळ, ताठ.

"बाळ काय तू जन्माला घालणारेस?" साहेब म्हणाले.

"नाही साहेब. पण मला तिथं असायचंय."

"बघू."

'बघू' म्हणजे खण. अर्ज खाली, मी वर. दोन आठवडे नुसता पडून. अहो, उचला की मला! तिकडे त्या पोरीचे दिवस भरत आले, आणि साहेब पेन्सिलींना टोक करतायत.

त्यात सरकारचा कायदा आला, वर्षातून पाच दिवस तरी रजा घ्याच. साहेबांनी निमूटपणे स्वतःच्या अर्जावर मला उमटवलं, आणि रजेच्या दिवशी सकाळी आठला कचेरीत हजर! "घरी बसून करू काय?" म्हणे. कपाळ माझं!

त्याच सकाळी हायासे धावत आला. "साहेब, तिला कळा सुरू झाल्यात. तेवढा शिक्का मारता का?"

साहेब गडबडले. "आज मी रजेवर आहे. रजेवरच्या माणसाला शिक्का मारता येत नाही."

हायासे म्हणाला, "तर मग रजेवरच्या माणसाला मला अडवताही येत नाही, साहेब." कमरेत वाकून नमस्कार केला आणि निघाला. शाब्बास रे पठ्ठ्या!

साहेबांनी मग घरी फोन लावला. "अगं, आपली चिनात्सू किती वाजता जन्मली?"

"अठ्ठावीस वर्षांनी विचारताय होय?" बाई हसल्या. "सकाळी नऊ वीसला. का हो?"

"तेव्हा मी कुठे होतो?"

"कुठे असणार? कचेरीत."

साहेबांनी फोन ठेवला, खण उघडला. हायासेच्या अर्जावर मला इतक्या जोरात दाबलं, की शाई पार पलीकडे फुटली.

उमटलो मी, लालभडक. पण हायासे केव्हाच दवाखान्यात पोचला होता, आणि साहेबांचे नऊ वीस केव्हाच वाजून गेले होते. म्हणून हात जोडून सांगतो बाबांनो, बाळ यायच्या वेळी माझी वाट बघत बसू नका. मी काय, उद्याही इथेच असेन.