दुसऱ्या खुर्चीची जागा

"या देशाचा भाजीपाल्याचा प्रश्न साडेतीन फूट रुंदीत सुटू शकतो," दिनकररावांनी जाहीर केलं. श्रोता एकच, दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्यांच्या पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या कठड्यावर बसलेलं कबूतर. तेही मुद्दा पुरा व्हायच्या आत उडून गेलं.

दिनकररावांची सगळी हयात सरकारी क्वार्टर्सचं वाटप करण्यात गेली होती. निवृत्तीनंतर वाटायला काही उरलं नाही आणि घरात दुसरं माणूसही नाही, तेव्हा त्यांनी बाल्कनीचं वाटप काढलं. भिंतीला ठोकलेल्या चपलांच्या जुन्या रॅकवर मेथी आणि पालक दाटीवाटीनं. शेवटी कनिष्ठ कर्मचारीच ते. टोमॅटोला स्वतंत्र टांगती बादली. घेवडा सुतळीवरून थेट छताकडे. मिरची प्रतीक्षा यादीवर. मुळा सगळ्यांच्या आधी पेरलेला, म्हणून ज्येष्ठतेनुसार त्याला सर्वांत वरचा मजला मिळाला, म्हणजे आडव्या कापलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या. मुळ्याला खाली वाढायला खोल माती लागते, हे नियमावलीत कुठंच नव्हतं.

एवढा उपद्व्याप का, तर खाली फरशीवर दोन खुर्च्या मावाव्यात म्हणून. एक त्यांची, दुसरी देविकाची. लेक गुडगावला, पाऊण तासावर. दिवाळीत आली तेव्हा बाल्कनीभर कुंड्या पसरलेल्या. "बाबा, इथं बसायचं कुठं?" असं हसत म्हणत तिनं उभ्यानंच चहा घेतला आणि वीस मिनिटांत गेली. दिनकररावांनी ती तक्रार रीतसर मनावर घेतली होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते एका खुर्चीत बसायचे आणि दुसरीवरची धूळ पुसायचे. रिकाम्या खुर्चीवर धूळ जरा जास्तच बसते, अशी त्यांची नोंद होती.

जानेवारीत मेथी दाट झाली. त्यांनी फोटो पाठवला आणि चक्क लगेच फोन आला.

"बाबा, कमाल आहे यार! सगळं भिंतीवर? आणि खाली एवढी जागा?"

"दोन खुर्च्या आरामात मावतात," ते सहज म्हटल्यासारखं म्हणाले.

"अच्छा! मग रविवारी येतेच."

रविवारी त्यांनी मेथीची पातळ भाजी केली. मुळा उपटला, तो बोटभर आणि जिलबीसारखा वळलेला निघाला, तोही किसला. दोन ताटं पुसून ठेवली.

देविका आली ती तडक बाल्कनीत. पर्समधून टेप काढून तिनं फरशी मोजली. दिनकररावांची छाती फुगली. त्यांच्या वाटपाची इतकी बारीक पाहणी आजवर कुणी केली नव्हती.

"चार बाय दोन. बिल्कुल बसेल!"

"कोण?"

"अंशुमनची व्यायामाची सायकल हो. आमच्याकडे पाय ठेवायला जागा नाही. लिफ्टमधून आणतोच आहे तो."

जावयाचा हसरा आवाज लिफ्टच्या दारापर्यंत येऊन पोचलाच होता.

"बरं," दिनकरराव म्हणाले. "ताटं घेऊ? मेथी केलीय."

"डब्यात द्या ना, बाबा. गाडी गेटसमोरच उभी आहे, गार्ड ओरडतोय." आणि ती भिंतीवरच्या घेवड्याकडे कौतुकानं बघत म्हणाली, "बाकी काही हलवू नका हं. ही एक खुर्ची तेवढी आत घ्या."