परक्या पिठावरची दोन अक्षरं

मी एक शिक्का बोलतोय. कचेरीतला नव्हे हो, शाईचा आणि माझा संबंध नाही. मी पावावर उठवायचा लाकडी शिक्का. वर मुठीला कोरलेला कोंबडा, तळाला एका घराची दोन अक्षरं. बसा निवांत, बाजारात वावरल्यामुळे मला बोलायची सवय आहे. आज मात्र जे सांगायचंय ते सांगताना जीभ अडखळतेय.

नकाशात इटलीचा बूट दिसतो ना, त्याची टाच आणि चवडा यांच्या मधल्या खोलगट जागी बासिलिकाता नावाचा प्रांत आहे. प्रवासी तो ओलांडून पुढे जातात. तिथल्या एका डोंगरगावात एका मेंढपाळाने अक्रोडाच्या लाकडातून मला कोरलं आणि लग्न ठरल्यावर दोनाता नावाच्या मुलीला दिलं.

गावाला भट्टी एकच. घरोघरचे कणकेचे गोळे तिथे जायचे. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराचा शिक्का वेगळा, आणि तो कच्च्या गोळ्यावरच उठवायचा. एकदा दोन बायका एका पावावरून अशा भांडल्या की एकीच्या हातात दुसरीचा डोक्यावरचा रुमाल आला! भट्टीवाल्याने पाव वर धरला, माझी अक्षरं दाखवली. भांडण संपलं. तेव्हा माझ्या शब्दाला दुसरा साक्षीदार लागत नसे.

पुढे भट्टी बंद पडली. पाव गाडीतून यायला लागला आणि मी फडताळात गेलो.

मग निशिकांत आला. मूळचा सांगलीचा, सिंगापुरात बेडोकला राहणारा. आधी मराठी घरांना मसाले पुरवायचा, आता इटलीचा सुका माल विकतो. धंदा कुणी शिकवला नाही, माणसांशी बोलत बोलत शिकला. वाळवलेल्या लाल मिरच्या घ्यायला तो गावात आला आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या दोनाताला पहिल्याच दिवशी त्याने मावशी करून टाकलं. तिने मिरच्या क्षणभर तेलात सोडून काढल्या, तर हा ओरडला, "अहो, ही तर आमची सांडगी मिरची, फक्त तिखटपणा घरी ठेवून आलेली!" शिळा पाव भिजवून त्यावर टोमॅटो, कांदा, तेल घालून दिलं, तेव्हा "आमचा कुस्करा!" म्हणत दोनदा मागून घेतलं.

निघताना दोनाताने पाव फुगवायचं थोडं आंबवण आणि मला त्याच्या हातात ठेवलं. दोनाताच्या भाचीने मधे बसून तिचं म्हणणं इंग्रजीत सांगितलं, "तुमच्या घरच्या हातांनी मळलेल्या पिठावरच हा उठवायचा."

"शब्द देतो, मावशी," निशिकांत छातीवर हात ठेवून म्हणाला.

आणि सुरुवातीला पाळलाही. त्याची बायको अनुया पहाटे पिवळसर पीठ मळायची, मी उमटायचो, आणि रविवारी मरीन परेडच्या बाजारात पाव तासाभरात संपायचे. मग अनुयाचं मनगट गेलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला. तीन महिने मळणं बंद.

निशिकांतने कारखान्यातून तयार गोळे आणले.

"अहो, विका खुशाल. पण शिक्का तरी नका उठवू त्यांवर," अनुया म्हणाली.

"अगं, भाजतो तर आपल्याच ओव्हनमध्ये ना? लोक कोंबडा बघायला येतात."

"मग कोंबडाच विका की!"

त्याने मला उचललं आणि दाबलं. मला जबरदस्तीने दाबलं, असा बचाव मी स्वतःशी पुष्कळदा करून पाहिला. पण खरं सांगू? मी जरा पुसट उमटू शकलो असतो. उमटलो मात्र नेहमीपेक्षा सुबक! कौतुकाची चटक लागली होती मला.

त्या रविवारी नेहमीच्या चिनी आंटीने विचारलं, "अंकल, युअर वाइफ मेक वन, आ?" म्हणजे, बायकोनेच केलेत ना?

"ऑफकोर्स!" निशिकांत म्हणाला. आणि त्याने मला पुरावा म्हणून वर धरलं.

चार रविवार असेच गेले. मग एका दुपारी दोनाताचा व्हिडिओ कॉल आला. ओट्यावर आठ पाव रांगेत होते. ते बघून म्हातारीने फोनलाच ओठ लावले. भाची सांगू लागली, "म्हणतेय, इथली भट्टी विझली, पण माझं घर तिकडे पाव भाजतंय. अनुयाच्या हातांना माझा नमस्कार सांगा."

अनुयाने पट्टा बांधलेला हात पाठीमागे नेला. निशिकांत नुसता हसला.

फोन ठेवल्यावर अनुयाने मला उचललं आणि सेफ्टी पिनने माझ्या अक्षरांतलं सुकलेलं पीठ टोकरू लागली. कारखान्याचंच होतं ते. निशिकांतने परात पुढे ओढली.

"पीठ किती घ्यायचं असतं गं?"

"कोण मळणार? चहातली साखर ढवळायला मी लागते तुम्हाला."

"तू सांगत जा, मी मळतो."

बाहीपर्यंत पीठ लागलं, शेजारच्या नीलिमाताई डोकावून हसून गेल्या. पाव निघाला तो चपटा, एका कुशीवर कललेला. त्यावर मी उमटलो, वाकडाच.

रविवारी कारखान्याचे पाव शिक्क्याशिवाय मांडले होते. आंटीने विचारलं तेव्हा निशिकांतने खरं सांगून टाकलं, मागच्या चार रविवारांसकट. तिने हातातला पाव परत ठेवला. "अंकल, यू शुड से, लाह," आधी सांगायचं होतं, इतकंच म्हणाली आणि गेली. त्या दिवशी निम्मे पाव उरले.

पण आंटीला सांगणं सोपं. शब्द दिला होता तो मावशीला.

आता मी ओट्यावर आहे, त्या चपट्या पावाशेजारी. दोनाता, तू मला फडताळातून काढून जगात पाठवलंस आणि मी तुझ्या नावाने खोटं बोललो. ज्याने मला कोरलं त्यालाही मी मान खाली घालायला लावली. रागाव, पण मला परत मागू नकोस; खरं उमटायची एक संधी दे.

निशिकांतने फोन लावलाय. पडद्यावर दोनाताचा चेहरा आला, तसा त्याने अनुयाचा पट्टा बांधलेला हात हळूच धरला आणि कॅमेऱ्यासमोर आणला.

"मावशी," तो म्हणाला, "आधी हा हात बघा."