रोझेअरची कानस

झाड पाडण्यात रोझेअर मिशोचा हात धरणारा आमच्या खोऱ्यात कुणी नाही, हे मी कुणालाही सांगेन. साठ फुटांचं झाड दोन घरांमधल्या बोळात असं निजवतो की वाळत घातलेले कपडेही हलत नाहीत. पण त्याच्या हातात कानस दिली की संपलं. यांत्रिक करवतीच्या साखळीला एकाआड एक डावे-उजवे दात असतात. हा गडी डावे नुसते कुरवाळतो आणि उजव्यांवर राग काढतो. मग करवत सरळ जायचं सोडून एका अंगाला ओढते.

पहिल्याच वर्षी मी त्याला हे सांगितलं होतं. तो तीन दिवस फुगून बसला आणि चौथ्या दिवसापासून दुप्पट घासायला लागला. तेव्हा मी शहाणी झाले. संध्याकाळी साहेब साखळी घासून, वर फुंकर मारून घरी जातात. सकाळी सहाला मी, लोरेन सीर, त्याच्या धंद्याची शेड उघडते आणि तीच साखळी नव्याने घासते. अकरा वर्षं हे चाललंय. फांद्यांचा चुरा करणाऱ्या चिपरची पाती, बुंधे खरवडायचं यंत्र, ट्रकचं तेलपाणी ही माझी कामं सगळ्यांना माहीत आहेत. हे मात्र कुणालाच नाही. करवत लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि रोझेअर गावभर सांगत फिरतो, की कला हातात असावी लागते.

फेब्रुवारीत एके सकाळी डोनट खाता खाता त्याने सांगून टाकलं, की एप्रिलपासून शेड सोडायची. मोठी यंत्रं वर्षाच्या कराराने डीलर बघेल. आणि करवती, मी विचारलं.

"करवती काय, मीच तर घासतो," तो म्हणाला. "तू आता आराम कर गं. खूप केलंस."

मला एकसष्टावं लागलंय, नवरा जाऊन सात वर्षं झाली. माझा आराम म्हणजे खिडकीत बसून समोरच्यांच्या छपरावरचा बर्फ बघणं. सकाळी उठून जावं अशी जगात एकच जागा मला उरली होती, ती ही शेड. भांडले असते तर तो पुन्हा फुगला असता. म्हणून मी काहीच केलं नाही. म्हणजे खरोखरच काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याची साखळी त्याने ठेवली तशी राहू दिली.

माथी पाप नको म्हणून एक पथ्य मात्र पाळलं. झाडावर चढणाऱ्या वेंडेलची करवत मी रोज घासत होते, आणि उभं झाड पाडायचं असेल त्या दिवशी रोझेअरचीही. जमिनीवरच्या ओंडक्यावर ज्याचं त्याने निस्तरावं.

तो ओंडका निघाला ऑरोर डेगल बाईंच्या अंगणात. बाई चौऱ्याऐंशीच्या. नातीच्या लग्नात केकखाली ठेवायला त्यांना लाकडाच्या बारा चकत्या हव्या होत्या, आणि रोझेअरने काचेसारख्या सपाट देतो म्हणून शब्द दिला होता. पहिली चकती एका बाजूला दोन बोटं जाड निघाली, दुसऱ्या बाजूला चार. बाईंनी तिच्यावर कॉफीचा कप ठेवला. तो घसरत जाऊन बर्फात पडला.

रोझेअर म्हणाला, लाकूड गोठलंय. दुसरी चकती तशीच निघाल्यावर जमीन उतरती झाली. तिसरीनंतर साखळी जिच्यावरून फिरते ती करवतीची पट्टी वाकडी ठरली, म्हणून गावात जाऊन नवी कोरी पट्टी आणली. तीही इमानाने त्याच अंगाला गेली. मी चिपरमागे उभी राहून हसू दाबायला गाल चावत होते.

शेवटी बाई काठी टेकत पायऱ्या उतरल्या. त्यांची उमेदीची वर्षं लाकूडतोड्यांच्या तळावर भाकऱ्या भाजण्यात आणि करवती घासण्यात गेलेली. त्यांनी यंत्र बंद करायला लावलं, चष्मा पुसला आणि हातमोजा काढून दातांवरून अंगठा फिरवला.

"डावे दात म्हशीचे, उजवे उंदराचे," त्या म्हणाल्या. "कुणी घासली ही?"

रोझेअरने माझ्याकडे पाहिलं. डोळ्याची पापणीही न लववता म्हणाला, "लोरेनने."

मी संतापले. अकरा वर्षं ज्याची अब्रू झाकली, तो मलाच उघडी पाडत होता. तोंड उघडलंसुद्धा, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"हो बाई, मीच," मी मान खाली घालून म्हटलं. "माझा हात अजून बसलेला नाही. रोझेअर म्हणतो शिकवीन. पण शिकायला शेड हवी, आणि ती तर एप्रिलमध्ये जातेय. का रे, जातेय ना?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. बाईंना कळलेली गोष्ट रविवारी सगळ्या चर्चला कळते, हे रोझेअरला पक्कं ठाऊक. शेड जाणार म्हटलं तर घासणार कोण हे आलंच, आणि 'मीच' म्हणाला असता तर बाईंनी तिथेच घासून दाखवायला लावलं असतं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"राहू दे," तो म्हणाला. "शेड राहू दे. शिकेल ती."

"किती वर्षं लागतील?" मी विचारलं.

"लागतील तेवढी लागू देत."

बाईंनी मला तिथेच, त्यांच्या डोळ्यांदेखत साखळी घासायला लावली. मी ट्रकच्या फळीवर करवत घट्ट धरली, उजव्यांच्या मापाने डावे दात उतरवले आणि मोजून पंधरा मिनिटांत काम संपवलं. बाईंनी दातांवरून पुन्हा अंगठा फिरवला. रोझेअरने नवी चकती काढली. ती सपाट निघाली. कप ठेवला, तो जागचा हलला नाही.

रोझेअरने माझ्या पाठीवर थाप मारली.

"बघ," तो म्हणाला, "मी सांगतो तसं केलं की जमतं."

"हो मास्तर," मी म्हटलं, आणि उरलेल्या अकरा चकत्यांसाठी ओंडका पुढे सरकवला.