वालूरच्या शाळेने पाहिलेला समुद्र

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि वालूर गावाला समुद्र मीच दाखवला. म्हणजे, दाखवायला मला नेलं होतं.

हैदराबादच्या जुन्या बाजारातून बन्सीधर गुरुजींनी मला शाळेसाठी आणलं. आधी कौतुक फार झालं. पुढे मात्र माझ्यातून ज्वारीवरची पाखरं आणि शाळा तपासायला येणारे साहेब, एवढंच पाहिलं जाई. खुंटीवरून गळ्यात, गळ्यातून खुंटीवर. एका जागी स्वस्थ बसणं माझ्या नशिबात नव्हतं.

गुरुजी भूगोल शिकवत. भरती-ओहोटी तर हातवारे करून. पण समुद्र त्यांनी स्वतः पाहिलेला नव्हता, आणि ते गावाला माहीत होतं. अखेर चिडून त्यांनी जाहीर केलं, "पोरांना समुद्र दाखवीन, तरच गावात तोंड दाखवीन."

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांत एसटी बंद राहून सहल दोनदा मोडली. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात एकदाची निघाली. मुलं, काही पालक आणि गुरुजींच्या आई दगडाबाई. मुंबईजवळच्या एका खाडीकाठी अभयारण्य होतं. एका फेरीत समुद्रही होईल आणि पक्षीही, असा गुरुजींचा विचार.

पोचलो. तिवरांच्या झाडीपलीकडे, नजर जाईल तिथवर, चिखल.

"ओहोटी आहे," रखवालदार म्हणाला. "पाणी संध्याकाळी येईल."

धड्यातली ओहोटी सहलीच्या दिवशीही येऊ शकते, हे गुरुजींच्या ध्यानात आलं नव्हतं.

"गुर्जी, असा चिखल तर आपल्या दुधना नदीलाबी हाय," पालकांपैकी माणिकराव म्हणाले. "यवढ्या लांब कशाला आणलं?"

"पाचला गाडी हलवणार," ड्रायव्हर किशनरावांनी हॉर्न वाजवला. "समुद्र येवो, न्हाईतर न येवो."

गुरुजी मला डोळ्यांना लावत, काढत, धोतराने पुसत, पुन्हा लावत. चिखलात बगळे होते. त्यांच्याकडे कोणी पाहीना. पाच वाजत आले. तेव्हा दगडाबाईंनी मला लेकाच्या हातातून ओढलं आणि आपल्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना लावलं. तेही उलटं.

"दिसला की रे बन्सी! लय मोठा हाय. निळा निळा."

म्हातारीला दिसतो आणि आपल्याला नाही, असं कसं? माणिकरावांनी पाहिलं. त्यांनाही दिसला. मुलांना तर लाटासुद्धा दिसल्या.

गाडी सुटली. वळणावर गुरुजींनी मला मागच्या काचेला लावलं. आणि मित्रांनो, पाणी येत होतं! तिवरांच्या मुळांत शिरत, उन्हात चमकत, खरोखरचं.

"आला! समुद्र आला! गाडी थांबवा!"

"पाहिलाय की मघाशीच," माणिकराव म्हणाले. "बसा गुर्जी खाली."

दगडाबाई झोपल्या होत्या.

मित्रांनो, दुर्बीण नेहमी मऊ कापडाने पुसावी. मला फळ्याच्या फडक्याने पुसतात. पुढच्या जूनपासून गुरुजींनी भूगोल सोडून इतिहास मागून घेतला.