साखरपाणी

धाकटीला घरात कुणी गंभीरपणे घेत नसे आणि त्याला कारण तिचं तिनंच दिलं होतं. आहारशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला गेल्यापासून वर्गात जो आजार शिकवला जाई, तो संध्याकाळपर्यंत घरात कुणाला तरी झालेला असे. बाबा लागोपाठ दोनदा पाणी प्यायले की त्यांना मधुमेह. आई जिना चढून दमली की थायरॉईड. बाबा म्हणायचे, "हिला बांधकामाच्या कोर्सला घालायला हवं होतं. घराला तडे दिसले असते, माणसं तरी सुटली असती."

त्या आठवड्यात ताई बाळाला घेऊन माहेरी आली होती. सहा महिन्यांचं होईपर्यंत ते अंगावरच्या दुधावर छान गुटगुटीत झालेलं. मग वरचं खाणं सुरू झालं आणि काय बिनसलं कोण जाणे. खाल्लं की थोड्या वेळानं उलटी, कपाळ घामानं डबडबलेलं आणि नंतर अशी गुंगी, की हाका मारून उठेना. डॉक्टरांनी पोट बिघडलंय म्हणून उलटीचं औषध दिलं, वर ताकदीचं टॉनिक. ताईच्या सासूबाईंचं निदान त्याहून सोपं होतं. "हिला भरवायची हातोटीच नाही," असं त्या येईल-जाईल त्याला सांगत.

ताई भरवायची, पुसायची, परत भरवायची. धाकटी ते बघत कॉलेजला निघायची आणि दिवसभर तिचं लक्ष थाऱ्यावर नसायचं.

वर्गात तेव्हा चयापचय चालू होतं. मॅडम फळ्यावर बाण काढत बोलत होत्या. "फळातली साखर, मधातली साखर, आणि आपल्या रोजच्या साखरेचा अर्धा वाटा, हे सगळं फोडायचं काम मुख्यतः यकृताचं. त्यासाठी तिथं एक एंझाइम लागतं. एखाद्या मुलात ते जन्मतःच धड नसतं. मग ही साखर अर्ध्या वाटेत अडकते. जे साचतं ते यकृताला विषासारखं, आणि रक्तातली साखर मात्र खाली घसरते. घाम, उलट्या, गुंगी." त्यांनी खडू खाली ठेवला. "आईच्या दुधावर असेपर्यंत हे मूल ठणठणीत असतं बरं का. फळं सुरू झाली की खेळ सुरू."

धाकटीचा पाय बाकाखाली जो हलायला लागला तो थांबेना. शेजारणीनं गुडघा धरला, तरी हलतोच आहे. पुढचं एक अक्षर तिच्या डोक्यात शिरलं नाही.

तास संपताच तिनं मॅडमना दारात गाठलं आणि एका श्वासात सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, "अंगाला पिवळेपणा?"

"डोळ्यांत थोडा. मला वाटलं, मलाच तसं दिसतंय. मला सगळ्यांतच काहीतरी दिसतं, मॅडम."

"असं दारात उभं राहून निदान होत नाही. दुसरंही काही असेल. पण थांबू नका. आजच मोठ्या हॉस्पिटलात न्या. तोवर फळं, साखर, मध, गोड औषध सगळं बंद. दूध चालू. आणि तू जे मला सांगितलंस ते तिथल्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांग."

रस्त्याला गर्दी होती. धाकटी अर्धी चालत, अर्धी पळत घरी पोचली. ताई स्वयंपाकघरात बसून शिजवलेल्या सफरचंदाचा गर चमच्यानं बाळाच्या तोंडात घालत होती. धाकटीनं वाटी ओढून घेतली.

"अगं!" ताई ओरडली. "वेड लागलं का?"

"हे बंद. टॉनिक बंद. त्या बाटलीत साखर आहे, बघ, इथं लिहिलंय. चल, हॉस्पिटलात जायचंय."

"झालं! आज काय शिकवलं कॉलेजात?" ताईच्या आवाजात रडू होतं. "मागच्या महिन्यात मला रक्त नाही म्हणालीस. तपासलं तर तुझ्यापेक्षा जास्त निघालं. माझ्या बाळावर प्रयोग नकोत."

"ह्या वेळी चुकले तर जन्मभर हसा मला. पण ताई, एकच सांग. हा आपणहून तोंड उघडतो का?"

ताईनं बाळाकडे बघितलं. बाळाची मान दुसरीकडे वळलेली होती, ओठ घट्ट मिटलेले. "नाही," ती हळूच म्हणाली. "चमचा दिसला की तोंड फिरवतो. मीच गाल दाबून घालते."

आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिनं गॅस बंद केला. "चला," ती म्हणाली. "बाळाचे कपडे घ्या."

हॉस्पिटलात लहान मुलांच्या डॉक्टरबाईंनी बाळाचं पोट चाचपलं आणि त्यांचा चेहरा बदलला. यकृत वाढलेलं होतं. लगेच रक्त घेतलं, सलाईन लावलं. धाकटीचं सांगणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग सगळ्यांकडे बघून विचारलं, "घरात पूर्वी कुणी बाळ असं दगावलंय?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"हो," आई म्हणाली.

दोघी बहिणी वळून बघत राहिल्या.

"ताईच्या आधीचा," आई डॉक्टरबाईंनाच सांगत होती, मुलींकडे न बघता. "वरचं खाणं सुरू केलं आणि तो वाळतच गेला. पिवळा पडला. आठ महिन्यांचा होता."

 अधिक विचारायला वेळ नव्हता.

बाळाचं गोड पूर्ण तोडलं. पुढचे दिवस धाकटीनं वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालण्यात काढले; नर्स म्हणाली, फरशी झिजेल. पण बाळाच्या उलट्या थांबल्या, गुंगी उतरली, आणि एके सकाळी त्यानं ताईचे केस असे ओढले की ती आनंदानं किंचाळली. पुढे जनुकीय तपासणीच्या रिपोर्टातही तोच आजार निघाला.

सासूबाई तेव्हा भेटायला आल्या होत्या. "म्हणजे हे हिच्या माहेरून आलं म्हणायचं," त्या म्हणाल्या.

"आजी, हा आजार आई आणि बाबा, दोन्हीकडून आल्याशिवाय होतच नाही," डॉक्टरबाई रिपोर्टावरून नजर न काढता म्हणाल्या. "निम्मं तुमच्या घरचं आहे." सासूबाईंना एकदम घरची कामं आठवली.

सगळं मार्गी लागलं, तरी धाकटीला चैन पडेना. आता आई स्वस्थ बसत नव्हती. घडी घातलेले कपडे उलगडून परत घडी घालायची, झाडलेलं पुन्हा झाडायची. एका दुपारी तिनं धाकटीसमोर खुर्ची ओढली.

"ते तुमच्या मॅडमनी काढलेलं मला काढून दाखव."

धाकटीनं पाठकोऱ्या कागदावर बाण काढले, अडकण्याची जागा दाखवली. आईनं चष्मा लावून ते नीट बघितलं.

"साखरपाणी दिलं तर?"

धाकटीचं पेन थांबलं. खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. "तेही तिथंच अडकतं, आई."

"सगळे म्हणायचे, अशक्त झालाय, दे. मी चमच्याचमच्यानं दिलं. तो जितका मलूल, तितकं जास्त." आईचा आवाज चढला नाही, ओलाही झाला नाही. "तुझी आजी मरेपर्यंत म्हणत राहिली, हिनं पोराला उपाशी मारलं. आणि मी तर त्याला भरवत होते."

"तेव्हा कुणाला कळलं असतं गं? डॉक्टरांनाही कळलं नव्हतं."

"ते खरं," आई म्हणाली. पण ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. धाकटी तिच्या मागेमागे फिरत राहिली. पुस्तकात ह्याच्या पुढचं काही दिलेलं नव्हतं.

शेवटी आई थांबली आणि कागदाकडे बोट करून म्हणाली, "तुझा दादाही असाच तोंड फिरवायचा. चमचा बघितला की."

दादा. धाकटीनं हा शब्द आजवर घरात कुणासाठी वापरलेला नव्हता.

"अजून सांग त्याच्याबद्दल," ती म्हणाली.

आईनं खुर्ची ओढली. "केस फार दाट होते त्याचे," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ सांगत राहिली.