दोन ते पाच

बाळ रडायला लागलं की घरात कुणालाच ऐकू येत नसे. त्याच्या गळ्याला पुढून भोक पाडून डॉक्टरांनी छोटीशी नळी बसवली होती. श्वास तिथूनच आत, तिथूनच बाहेर. आवाजाच्या वाटेला तो जातच नसे. त्यामुळे रडणं मुकाट. तोंड उघडं, चेहरा लालबुंद, हातपाय झाडणं चालू, आणि आवाज शून्य. घरी सोडताना सिस्टरने बजावलं होतं, "एक जण सतत जागा हवा आणि त्याची नजर बाळावर हवी. नुसते कान देऊन भागणार नाही."

म्हणून घरात पहारे लागले. आजीचा मुलगा, म्हणजे बाळाचा बाप, छापखान्यातून यायचा, जेवायचा आणि रात्री दहा ते दोन पाळण्याशी बसायचा. पुढे सकाळपर्यंत आणि मग दिवसभर सून. दुपारी दोन ते पाच आजी. अडीच महिन्यांच्या त्या प्राण्यासाठी तीन धडधाकट माणसं राबत होती, म्हणून आजीने त्याचं नाव मॅनेजर ठेवलं होतं.

आजीला मोजायची खोड होती. घरात कोण किती झोपलं हे तिला तोंडपाठ असे. मुलगा, साडेचार तास. सून, रात्री तीन आणि दुपारी अडीच. दुपारचा उरलेला अर्धा तास दूध काढण्यात जाई. म्हणजे सुनेच्या साडेपाच तासांपैकी अडीच आपल्यामुळे, हे आजी मनात पुन्हा पुन्हा घोळवी आणि तिला बरं वाटे. आजी उठली तर सुनेकडे उरतात तीन. तीन तासांवर बाईमाणूस किती दिवस तग धरेल, तेही तिने मोजून ठेवलं होतं. फार दिवस निघत नव्हते.

तर आजीने कुणाला सांगितलं नव्हतं की तिला दिसत नाही.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होते. दीड वर्षापासून सगळं जग वाफ धरलेल्या आरशासारखं झालं होतं. आधी सुनेचं गरोदरपण, मग इस्पितळाच्या चकरा. डोळे राहून गेले. इस्पितळाने घरी सोडण्याआधी तिघांची परीक्षा घेतली, ती एका बाहुलीवर. मुलाच्या हातून ती बाहुली दोनदा मेली. सून दुसऱ्या खेपेला पास झाली. आजीने चाळीस वर्षं शिंप्याच्या दुकानात काजं केली होती. तिने नळीतला कफ ओढला, गळ्याची पट्टी बदलली, गाठ बांधली, सगळं पहिल्याच झटक्यात. सिस्टर इतर आईबापांना म्हणाली, "या आजींकडून शिका जरा." भिंतीवरची अक्षरं वाचा असं कुणी म्हणालं नाही, आणि न विचारलेलं सांगायची आजीची पद्धत नव्हती.

सहा दिवस निभावलं. कफ साठला की नळी खरखरते, ते ऐकू येतं. खरखर आली की आजी यंत्र लावून कफ काढी. मॅनेजर पुन्हा फुसफुस श्वास घ्यायला लागले की खुर्चीत टेकून त्यांच्याशी गप्पा मारी.

सातव्या दिवशी साडेतीनच्या सुमाराला सून पाणी प्यायला उठली. दारातूनच तिने विचारलं, "शांत आहे ना?"

"अगदी. कसल्या तरी विचारात आहेत मॅनेजर."

सून पाळण्याशी आली आणि थबकली. "आई."

बाळ रडत होतं. बराच वेळ रडत असावं. चेहरा विटेसारखा झाला होता, पाय झाडून झाडून दुपटं वर सरकलं होतं आणि त्याचं टोक गळ्याजवळ येऊन पडलं होतं. सुनेने झडप घालून दुपटं ओढलं, त्याला उचललं, नळी तपासली. मग सासूकडे वळली.

"तुम्ही त्याच्याकडेच बघत होतात ना?"

खरं सांगितलं तर सुनेची दुपार गेली. खोटं सांगितलं तर बोलणी खावी लागतील, एवढंच. आजीने स्वस्त पडलं ते उचललं.

"डोळा लागला गं."

"उघड्या डोळ्यांनी?"

"या वयात तेही जमतं."

सून हसली नाही. रागावलीही नाही. रात्री तिने नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने पाळण्याजवळची वेताची खुर्ची हलवून पाठ टेकता येणार नाही असं एक स्टूल ठेवलं, शेजारी थर्मासमध्ये कडक चहा, आणि "येते हं, आई" म्हणून झोपायला गेली. तो चहा आजीच्या घशाखाली उतरेना. चार शब्द सुनावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

स्टुलावर ती टेकली, उठली, पुन्हा टेकली. बाळाच्या पोटावर तळहात ठेवला. पोट हललं. रडतोय? उचकी? नुसताच श्वास? ती वाकली, इतकी की नाक त्याच्या गालाला लागलं. गाल गार. गार म्हणजे चांगलं की वाईट? ती तडक आतल्या खोलीत गेली.

"अगं, जरा येतेस? पोट हलतंय त्याचं."

सून आली, तिने पाहिलं. "आई, पोट हलणारच. श्वास घेतोय तो."

दहा मिनिटांनी पुन्हा. "चेहरा कसा आहे बघ बरं."

"झोपलाय."

मग पंधरा मिनिटांनी. मग सातच मिनिटांनी. पाचव्या खेपेला सून आतल्या पलंगाकडे परतलीच नाही. पाळण्याशी फरशीवर फतकल मारून बसली. तिच्या केसांना दोन दिवस फणी लागली नव्हती.

"आई, सरळ सांगा. तुम्हाला हे नको झालंय का? तसं असेल तर मला राग नाही. खरंच."

अप्रामाणिक म्हटलेलं आजीला चाललं असतं. हे चालेना.

"नको कशाला होईल? अगं, तो मला दिसत नाही. म्हणजे पाळण्यात काहीतरी आहे हे दिसतं. गाठोडं असावं तसं. रडतोय की जांभई देतोय, ते नाही कळत."

सून बघत राहिली. "मग काल?"

"काल मी टक्क जागी होते."

"ही किती बोटं?"

"बोटं नको विचारू. हाताला पाच असतात हे पाठ आहे मला."

"आई, मी सहा दिवस आत घोरत पडले होते."

"घोरावंस म्हणूनच ना."

"अहो, पण तो..." सुनेला वाक्य पुरं करवेना. ती उठली, बाळाला घेतलं, पुन्हा ठेवलं, मशीनची वायर उगाचच सरळ केली.

"टोक कुठवर आलं होतं गं?" आजीने विचारलं. "कालचं. दुपट्याचं."

सुनेने बोटांनी अंतर दाखवलं. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती मोठ्याने म्हणाली, "नळीपासून दोन बोटं."

पाच वाजेपर्यंत सूनच पाळण्याशी बसली. आजी घरभर फिरत राहिली. वाळलेल्या दुपट्यांच्या घड्या तिने मोडल्या आणि पुन्हा घातल्या.

मुलाने छापखान्यात बोलून रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे रात्रभर पाळण्याशी सून आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत तो. त्याची झोप सकाळवर गेली आणि एका तासाने घटली. सुनेची कशीबशी पावणेपाचवर टेकली. आजीने हे सगळं मनात मांडलं आणि सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिली. खिडकीतल्या माणसाने वही उलटली आणि ऑपरेशनला तेविसाव्या दिवसाची तारीख दिली.

"एवढं नाही थांबता येणार."

"आजी, इथे सगळ्यांनाच घाई असते."

"एखादा पेशंट त्या दिवशी आलाच नाही तर?"

"तर त्याची जागा रिकामी होते. ज्याच्या तपासण्या झाल्या असतील त्याला घेतो."

"मग माझ्या आजच करा. आणि मी इथेच येऊन बसते. दोन ते पाच मला आता काही काम नसतं."

"रोज?"

"रोज."

दुपारी ती बाकड्यावर बसली. पिशवी मांडीवर, पाय जमिनीवर ठरत नव्हते. आतून कुणी नाव पुकारलं की ते आपलं नाही हे माहीत असून मान वर होई. घरी तिकडे तो आता रडत असेल, नसेल. शेजारच्या माणसाला तिने किती वाजले ते विचारलं.

"अहो, दहा मिनिटांपूर्वीच विचारलंत."

"ते दहा मिनिटांपूर्वीचं झालं," आजी म्हणाली. "आत्ता किती वाजले?"